पीच क्रंबलवरचा ओट्सचा थर कुरकुरीत न होता लगदा का होतो? (इंदूर, घरचा ओटीजी म्हणजे छोटा विजेचा ओव्हन)

पीच क्रंबल म्हणजे आडूच्या (पीचच्या) फोडींवर ओट्स-लोण्याचा चुरा पसरून ओव्हनमध्ये भाजलेला गोड पदार्थ. फळाला सुटलेलं पाणी बांधलं जात नाही आणि लोणी वितळलेलं पडतं, म्हणून थर लगदा होतो. अर्धा किलो आडूच्या फोडींना दोन चमचे साखर लावून पंधरा मिनिटं ठेवा, सुटलेला रस गाळून वेगळा करा आणि त्यातला थोडाच, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर कालवून, परत घाला. कॉर्नफ्लोअर उकळीच्या जवळ आल्याशिवाय नीट घट्ट होत नाही, त्यामुळे कडेने रस बुडबुडताना दिसेपर्यंत भांडं बाहेर काढू नका. थरासाठी:

- जाड रोल्ड ओट्स १ वाटी (इन्स्टंट नकोत, ते लगेच पाणी पितात)
- कणीक अर्धी वाटी
- गुळाची पूड पाव वाटी
- फ्रीजमधलं घट्ट लोणी ७५ ग्रॅम, चिमूटभर मीठ

लोणी बोटांच्या टोकांनीच चोळा. आपल्याकडे आडू येतात ते नेमके मे-जूनमध्ये, आणि इंदूरच्या त्या उकाड्यात लोणी हातातच पाघळतं; म्हणून चोळलेलं मिश्रण फळावर पसरण्याआधी दहा मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. पसरताना दाबायचं नाही, वाफेला वाट हवी. १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं, शेवटची पाच मिनिटं फक्त वरचा रॉड. दर उन्हाळ्यात घरी असंच करते, थर खुसखुशीत राहतो. चोइथराम मंडीकडचे आडू बरेचदा कडक असतात, ते उलट सोयीचे: फोडी शिजूनही आख्ख्या राहतात. डब्यातले पीच वापरणार असाल तर मात्र पाक पूर्ण निथळा आणि फळातली साखर वगळा.