ब्रिटनमधल्या हौसिंग व्यावसायिकांच्या संस्थेचा अध्यक्ष म्हणून भारतातल्या वस्तीसाठी निधी उभा करायचा आहे. सुरुवात कुठून करू?

तुमच्याकडे अध्यक्षाने वर्षभर एका कामासाठी निधी जमवायची प्रथा आहे, आणि त्यातून मुंबईतल्या एखाद्या वस्तीत सार्वजनिक शौचालय ‘बांधून द्यायचं’ तुमच्या मनात आहे, असं तुम्ही लिहिलंय. पैसे कसे पाठवायचे ते खाली सांगते. आधी ‘बांधून द्यायचं’ याबद्दल, कारण हे दोन शब्द ऐकले की मला गप्प बसवत नाही.

पूर्व उपनगरातल्या एका वस्तीत असाच परदेशी देणगीतून बांधून दिलेला 20 सीटचा ब्लॉक होता. छतापर्यंत टाइल्स, दारात ग्रॅनाइटची पाटी. सीटचा हिशेब बरोबर होता: 50 माणसांना एक, म्हणजे 1000 माणसं, साधारण 200 कुटुंबं. घोळ पाण्यात झाला. 1000 माणसं दिवसातून दोनदा, दर वेळी 5 लिटर, म्हणजे रोज 10,000 लिटर. वर टाक्या दोनच, 1000 लिटरच्या. नळाला पाणी पहाटे दोन तास. साडेसहाला टाकी कोरडी. मग लोक घरून डबा आणायला लागले. डब्यातल्या पाण्याने माणूस स्वच्छ होतो, शौचाचं भांडं होत नाही, आणि ट्रॅप, म्हणजे भांड्याखालचा वाकडा पाइप, तुंबतो.

सेप्टिक टाकी घेतली होती ब्लॉकच्या मागे. तिथली गल्ली 4 फुटांची, मैला उपसणारी सक्शन गाडी उभी राहणार मुख्य रस्त्यावर, आणि तिचा पाइप तिथवर पुरत नव्हता. नकाशात हे दिसत नाही, गाडीवाल्याला एकदा जागेवर नेलं की तो दोन मिनिटांत सांगतो. टाकी भरली तसा मैला चेंबरमधून गल्लीत यायला लागला. विजेचं मीटर ठेकेदाराच्या नावावर होतं. तो काम आटोपून गेला, बिल कोणी भरलं नाही, वीज कापली, आणि अंधार पडल्यावर बायकांचं येणं थांबलं. लोखंडी दारं खालून गंजली, तळाचा वीतभर पत्रा हाताने मोडावा इतका कुरतडला गेला. दुसऱ्या वर्षी ब्लॉकला कुलूप लागलं.

बांधकाम वाईट नव्हतं, पण तो ब्लॉक कोणाचाच नव्हता. मुंबईत जागतिक बँकेच्या मदतीने 1990च्या दशकात झोपडपट्टी स्वच्छतेचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात अट होती: वस्तीने आधी मंडळ स्थापायचं, प्रौढ माणशी 100 रुपये, एका कुटुंबाचे जास्तीत जास्त 500, गोळा करून बँकेत ठेवायचे, मग काम. या ब्लॉकच्या देणगीदाराला वाटलं, गरिबाकडून कसले पैसे घ्यायचे? अट सोडून दिली. हा युक्तिवाद मला मुळीच मान्य नाही. ‘गरिबाकडून’ म्हणणाऱ्यांनी त्या घरचा हिशेब मांडून बघावा. पाच जणांचं कुटुंब माणशी रोज एकदा 2 रुपये देऊन दुसरीकडे जात असेल तर महिन्याला 300 रुपये जातात. 100 रुपयांचा कुटुंब पास तिथल्या बाईला महाग वाटत नाही, तिला फक्त आत पाणी हवं असतं.

200 घरांचे 100 प्रमाणे 20,000 येतात. त्यात केअरटेकर, सफाई, वीज, फिनाइल, मोटरची दुरुस्ती आणि सक्शनसाठी दर महिन्याला बाजूला काढलेली रक्कम बसते. वसुली साठ टक्क्यांवर आली की 12,000 उरतात, आणि सगळ्यात आधी केअरटेकर जातो. तो गेला की महिन्याभरात बाकी सगळं जातं. म्हणून त्याला राहायला वर खोली द्या. राहणारा माणूस रात्री दिवा लावतो.

हे तुमच्या सभासदांना पटवायला अवघड जाऊ नये. समाजसुधारक ऑक्टेव्हिया हिलने 1865 साली लंडनच्या मॅरिलेबोनमध्ये लेखक जॉन रस्किनच्या पैशातून तीन घरं घेतली, आणि आठवड्याच्या भाड्यासाठी दारोदार बायका जायला लागल्या. भाडं घेता घेता गळकं छप्पर, आजारी मूल, बुडालेला रोजगार, सगळं कळायचं. तुमचा व्यवसाय तिथून उभा राहिला. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांची महिला मिलन 1986 पासून तशीच दारोदार फिरते, फक्त भाड्याऐवजी बचत गोळा करते. तुमच्या पहिल्या भाषणात हा धागा सांगा. पाचशे केविलवाण्या फोटोंपेक्षा हौसिंगवाल्याला तो जवळचा वाटेल.

आणि पैसा भिंतीला द्यायच्या ऐवजी अडलेल्या जागी द्या. पुण्यात 1999 साली मनपाने शौचालयांची बांधणी आणि देखभाल संस्थांकडे सोपवली, तेव्हा वस्तीतल्या बायकांनी ठेके घेतले. पण मनपाचं बिल निघतं कामाचा टप्पा झाल्यावर. सिमेंट, सळई आणि शनिवारची मजुरी आधी लागते, आणि वस्तीतल्या संघटनेला बँक कर्ज देत नाही. ही मधली फट भरायला 2002 साली क्लिफ नावाचा फिरता निधी उभा राहिला. चालवणारी संस्था कॉव्हेंट्रीची होमलेस इंटरनॅशनल, पैसे ब्रिटिश आणि स्वीडिश सरकारचे, पहिलं काम भारतात. बिल वसूल झालं की तोच पैसा पुढच्या कामाला.

आता पाठवण्याचं. इथल्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परकीय देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी हवी. नंबर आणि मुदत गृहमंत्रालयाच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा, नोंदणी पाच वर्षांची असते. पैसा उतरेल तो फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यात. या कायद्याच्या 2020च्या दुरुस्तीनंतर ती संस्था हा पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, त्यामुळे ‘मोठ्या संस्थेला देऊ, ती वस्तीतल्या मंडळाला देईल’ हा मार्ग बंद. प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत थेट दिलेला पैसा परकीय देणगी धरत नाहीत. ब्रिटिश नागरिकत्व घेतलेल्याचा धरतात, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी. दोन्ही पैसे एका खात्यात मिसळू देऊ नका. आणि तोच भारतीय पासपोर्टवाला ब्रिटिश चॅरिटीतून देत असेल तर ती परकीय देणगीच, पण तो तिकडे कर भरत असेल तर गिफ्ट एडमुळे, म्हणजे देणगीवरचा कर ब्रिटिश सरकार चॅरिटीला परत देतं त्यामुळे, 100 पौंडांचे 125 होतात. बहुतेकांना हाच रस्ता बरा. रॅफलच्या तिकिटांवर मात्र गिफ्ट एड मिळत नाही.

आवाहनाच्या मजकुरात ‘अमुक वस्तीतल्या शौचालयासाठी’ एवढंच लिहिलंत आणि जागेची परवानगी अडली, तर पैसे दुसरीकडे वळवताना नाकी नऊ येतील. ‘ते शक्य न झाल्यास वस्तीतल्या स्वच्छतेच्या अन्य कामासाठी’ हे वाक्य पहिल्या दिवसापासून घाला. परवानगी अडतेच. जमीन मनपाची, म्हाडाची, कलेक्टरची, रेल्वेची की खासगी, हे आधी विचारा. रेल्वेची असेल तर तुमच्या एका वर्षाच्या मुदतीत काही होणार नाही. तशीही मुदत अपुरीच आहे. पद हाती येण्याच्या सहा महिने आधी संस्था ठरवा, आणि तुमच्यानंतरच्या अध्यक्षाकडून निधी पुढे चालवायचं लेखी घ्या.

एक राहिलं: वर फिरता निधी सुचवलाय, पण क्लिफ 2020च्या आधीचं आहे. परकीय देणगीतून कर्जाऊ रक्कम फिरवणं आजच्या नियमांत कितपत बसतं, हे त्या संस्थेच्या सीएकडून लेखी घेतल्याशिवाय एक पौंडही पाठवू नका. बसत नसेल तर पैसा पाण्याची जोडणी, 10,000 लिटरच्या साठवणीची टाकी आणि केअरटेकरचा पहिल्या वर्षाचा पगार यांना द्या.

ग्रॅनाइटची पाटी नको. तिच्या पैशात दाराशी 4 बाय 3 फुटांचा फळा लावून घ्या, वर पत्र्याचं छोटं छप्पर. त्यावर दर महिन्याच्या पाच तारखेला मंडळाने पास किती, वीजबिल किती, शिल्लक किती ते खडूने लिहायचं, आणि त्याचा फोटो तुम्हाला पाठवायचा.