ओढाल तितका लांबणारा ‘हॉल’

प्रश्न असा आहे : विमानाच्या तिकिटावर ‘लाँग हॉल’, गॅरेजमध्ये ‘ओव्हरहॉलिंग’, पोलिसांनी पकडलेल्या ऐवजाच्या इंग्रजी बातमीत ‘बिग हॉल’. हे तिन्ही हॉल एकच का, आणि मराठीत काय म्हणावे?

तिन्ही एकच. दालन या अर्थाचा हॉल मात्र निराळा. इंग्रजीत दोघांचे स्पेलिंग वेगळे आहे (ओढण्याचा haul, दालनाचा hall), पण आपल्या कानाला आणि देवनागरीला ते एकसारखेच.

मूळ अर्थ ओढणे, खेचणे. मात्र या ओढण्यात वजन आहे. दाराची मूठ ‘पुल’ करतात, बंद पडलेली गाडी दोर बांधून ‘टो’ करतात, फरफटत नेले की ‘ड्रॅग’. ‘हॉल’ म्हटले की ओझे जड आणि ओढणाऱ्याचा दम निघालेला. दोर, शिडे, जाळी ओढणाऱ्या खलाशांच्या तोंडी तो चांगलाच रुळला. त्याचे जुने रूप ‘हेल’. १६११च्या इंग्रजी बायबलात सौल (हाच पुढे संत पौल झाला) ख्रिस्ती स्त्री-पुरुषांना ओढून तुरुंगात टाकतो, तिथे हेच क्रियापद आहे. ‘कोर्टात खेचणे’ या अर्थाने इंग्रजीत हेल आणि हॉल दोन्ही अजून चालतात. आपणही कोर्टात नेत नाही, खेचतोच. डच भाषेतला ‘हालेन’ याचाच भाऊबंद, पण तिथे अर्थ मवाळ होऊन नुसता ‘आणणे’ उरला आहे.

खरी गंमत नामात आहे. जाळे एकदा ओढले, तो एक हॉल. त्या ओढीत जी मासळी आली, तीही हॉल. म्हणजे क्रियेचे नाव मालाला चिकटले. मग मासळीच्या जागी चोरांची लूट आली, पोलिसांनी जप्त केलेला ऐवज आला, खेळाडूने एका स्पर्धेत मिळवलेली पदके आली. हल्ली खरेदी करून आणलेल्या पिशव्या कॅमेऱ्यासमोर उपसण्यालाही ‘हॉल व्हिडिओ’ म्हणतात. मासळीपेक्षा जास्त वेळ टिकेल असे त्यात क्वचितच काही असते, पण ते असो.

दुसरीकडे हाच शब्द अंतराला चिकटला. माल जितका लांब ओढायचा तितका हॉल लांब, म्हणून ‘लाँग हॉल’ म्हणजे लांब पल्ला. विमान कंपन्यांची व्याख्या एकसारखी नाही, पण साधारण ६ तासांच्या पुढचे उड्डाण या वर्गात धरतात. ‘इन फॉर द लाँग हॉल’ म्हणजे शेवटपर्यंत टिकायच्या तयारीने उतरलेला.

ओव्हरहॉल हाही जहाजावरचाच. कप्पीतून गेलेला दोर उलटा ओढून सैल करणे, हा त्याचा सतराव्या शतकातला अर्थ. पुढे दोरखंड सोडवून, ओढून काढून तपासणे आणि त्यावरून यंत्र पूर्ण खोलून दुरुस्त करणे. म्हणून नुसते ऑइल बदलणे म्हणजे ओव्हरहॉलिंग नव्हे, बिलावर काहीही लिहिलेले असो.

मराठीत सगळीकडे चालेल असा एक शब्द शोधू नये. चोरीच्या मालाला ‘घबाड’ फक्कड बसतो. धंद्यातल्या ‘हॉलेज’ला मालवाहतूक, अंतराला पल्ला. ‘हॉल ओव्हर द कोल्स’ला खरडपट्टी काढणे, तिथे निखारे भाषांतरात आणू नयेत.

तरी नामाला सर्वांत जवळचा शब्द विचाराल तर मी ‘खेप’ सांगेन. ‘दिवसाला चार खेपा होतात’ यात खेप म्हणजे फेरी, ‘विटांची खेप उतरवली’ यात खेप म्हणजे माल. फेरीचे नाव मालाला लागणे हे ‘हॉल’मध्ये घडले, तसेच इथेही. फक्त ओढण्याची धाप खेपेत ऐकू येत नाही. ती हवी असेल तर वाक्यात ‘ओढत आणली’ असे घालावे लागेल.