बातमी खरी आहे, मग लावू का देत नाहीत?

पत्र: माझी मुलगी नववीत, पुण्यातल्या एका खासगी शाळेत शिकते. भित्तिपत्रकाच्या संपादक मंडळात आहे. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नसतं यावर तिने लेख लिहिला, पण मुख्याध्यापिकांनी तो लावू दिला नाही. आता तोच इन्स्टाग्रामवर टाकायचा हट्ट धरून बसली आहे. 'मला पत्रकारच व्हायचंय, हे माझं स्वातंत्र्य आहे,' म्हणते. तिचे बाबा म्हणतात, दहावी तोंडावर आली, हे खूळ बंद कर. काय करू? लेखाचा फोटो सोबत पाठवते आहे.
– एक आई, सिंहगड रस्ता

नमस्कार ताई,

हे खूळ नाही. स्वच्छतागृहात पाणी नाही म्हणून मुली दिवसभर पाणी प्यायचं टाळतात, हे जिला लिहावंसं वाटलं तिला गप्प बसवू नका. लेख मी तीनदा वाचला. विषय लाखमोलाचा आहे, लेख मात्र अजून लावण्याजोगा झालेला नाही. पुढचं तिलाच वाचायला द्या.

बाळा, तुझं पहिलं वाक्य आहे, 'आमच्या स्वच्छतागृहात कधीच पाणी नसतं.' कधीच? की मधल्या सुट्टीनंतर? नळ किती, त्यातले कोरडे किती? आठवडाभर रोज तीनदा जाऊन बघ आणि वहीत तारीख-वेळ टिपून ठेव. 'सहापैकी पाच दिवस मधल्या सुट्टीनंतर एकाही नळाला पाणी नव्हतं' असं लिहिलंस तर ते खोडून काढणं अवघड. 'कधीच' मात्र कुणी एक भरलेली बादली दाखवली की खोटं ठरतं.

पुढे सफाईच्या मावशींना तू 'कामचुकार' म्हटलं आहेस. या शब्दापाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. त्यांच्याशी बोललीस का? टाकीची मोटर कोण लावतं, ती बिघडली आहे का, हे त्यांच्या हातात आहे का? मुख्याध्यापिका आपली बाजू मांडू शकतात. मावशी कंत्राटावर असतील तर तुझ्या एका शब्दाने त्यांचं काम जाऊ शकतं, आणि भित्तिपत्रकावर उत्तर लिहायला त्यांना कुणी जागा देणार नाही.

आणि पाळीच्या दिवसांत घरी राहणारी ती मैत्रीण. नाव दिलं नाहीस, चांगलं केलंस. पण 'आठवी ब मधली, कबड्डीच्या संघातली' म्हटल्यावर नाव लपलं कुठे? लेख आधी तिला वाचून दाखव. ती नको म्हणाली तर तो परिच्छेद गेला, मग तो कितीही चांगला उतरलेला असो.

अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या हेझलवुड ईस्ट हायस्कूलमध्ये 1983 मध्ये मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राची दोन पानं काढून टाकली. मुली सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या आणि 1988 मध्ये हरल्या. मुख्याध्यापकांचं म्हणणं होतं, गरोदर राहिलेल्या मुलींची नावं बदलली तरी त्या ओळखू येतात, आणि घटस्फोटावरच्या लेखात वडिलांची तक्रार आहे, पण त्यांना विचारलेलं नाही. तो निकाल मला पटत नाही. पुढे तिथल्या अनेक राज्यांनी विद्यार्थी-पत्रकारांना संरक्षण देणारे कायदेही केले. पण ते दोन आक्षेप तुझ्या लेखालाही लागू पडतात, हे मान्य कर.

आपल्या पुण्यातलंच बघ. 'केसरी' 1881 मध्ये सुरू झाला. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्धची पत्रं टिळक-आगरकरांनी विश्वासाने छापली, ती बनावट निघाली. हेतू चांगला होता, माफीही मागितली होती. तरी 1882 मध्ये दोघांना डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले.

तुझ्या स्वातंत्र्याबद्दल. आपल्या घटनेत वृत्तपत्रांसाठी वेगळं कलम नाही. कलम 19 मधलं भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य नागरिकाला आहे, त्यातच ते येतं. म्हणजे मोठ्या संपादकाचा हक्क तुझ्यापेक्षा वरचा नाही. पण तो हक्क मुख्यतः सरकारपुढे मागायचा असतो, खासगी शाळेच्या फलकावर त्याच्या जोरावर लेख लावून घेता येत नाही. तिथे पटवूनच द्यावं लागेल.

म्हणून लेख दुरुस्त कर, मुख्याध्यापिकांना भेट आणि विचार, 'बाई, यातलं चूक काय आहे?' त्यांचं उत्तर लिहून घे, लेखात छाप. कारण न सांगता त्यांनी पुन्हा नकार दिला तर ती त्यांची चूक, आणि मग ताई, पालक-शिक्षक संघात हा प्रश्न तुम्ही मांडा. शिक्षण हक्क कायद्याच्या 2009 च्या निकषांत मुला-मुलींची वेगळी स्वच्छतागृहं आहेतच, पाण्याशिवाय त्यांचा उपयोग काय? इन्स्टाग्रामवर मात्र आत्ता नको. फलकावरचा कागद काढता येतो, मोबाइलमधून पसरलेली मैत्रिणीची ओळख पुसता येत नाही.

बाबांना सांगा, पत्रकारितेसाठी आत्ताच काही ठरवायची गरज नाही. कुठल्याही शाखेची पदवी घेऊन रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेचं पदव्युत्तर शिक्षण घेता येतं. तोवर रोज एकच बातमी दोन वर्तमानपत्रांत वाचायची आणि कुणी कुणाला विचारलं नाही ते शोधायचं.

सोमवारपासून नोंदी सुरू कर. नवा लेख झाला की आईकडून पाठव, मी वाचेन.