जुन्या ॲनिमेशनपटांचे 'खरे' दिसणारे रिमेक मनाला का भिडत नाहीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीला 2019 चा 'द लायन किंग' दाखवला, प्राणी हुबेहूब खरे दिसत होते, तरी सिंहांचा राजा मुफासा मरतो त्या प्रसंगात ती शांत बसून राहिली. तुम्ही मात्र लहानपणी 1994 चा जुना पाहताना त्याच प्रसंगाला ढसाढसा रडला होतात. मग नव्यात नेमकं काय कमी पडलं, आणि असे रिमेक मुलांना दाखवावेत का?

मी ॲनिमेशनमध्येच काम करतो. आधी कागदावर चित्रं काढली, नंतर संगणकावर आलो. त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. आणि मुलीच्या शांत बसण्याचं कारण तिच्यात शोधू नका, ते पडद्यावर आहे.

खऱ्या सिंहाला आपल्यासारख्या वरखाली होणाऱ्या भुवया नसतात. त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग जवळपास दिसत नाही, आणि ओठ शब्द उच्चारण्यासाठी बनलेलेच नाहीत. 1994 च्या चित्रपटातल्या चित्रकारांना हे चांगलं ठाऊक होतं, प्राण्यांचा अभ्यास करूनच ते चित्र काढायला बसले होते. तरी त्यांनी सिंहांना भुवया दिल्या, पांढरे डोळे दिले, मऊ वळणारे ओठ दिले. मुफासाचा कपटी भाऊ स्कार, त्याचं ॲनिमेशन आंद्रेयास देजा या कलावंताकडे होतं. तो स्कार एकदा नीट बघा. खोटं बोलताना एक भुवई अलगद चढते, पापण्या कंटाळल्यासारख्या अर्ध्या मिटलेल्या, पंजा मनगटातून सैल लोंबतो. तो तोंड उघडायच्या आधीच मनात काय शिजतंय ते पाच वर्षांच्या मुलालाही कळतं. नटाकडे चेहरा असतो, ॲनिमेटरकडे पेन्सिल असते. ती पेन्सिलच इथे अभिनय करत होती.

आता तोच मृत्यूचा प्रसंग घ्या. जुन्या चित्रपटात सुरुवातीला एका सकाळी मुफासाचं पिल्लू, छोटा सिंबा, झोपलेल्या बाबांना उठवायला त्यांचा कान दातात धरून ओढतो. पुढे मुफासा मरतो त्या दरीत, धूळ खाली बसल्यावर, तो पुन्हा तोच कान ओढतो. बाबा हलत नाहीत. मग तो त्यांच्या जड पंजाखाली स्वतःच शिरतो आणि अंग चिकटवून पडून राहतो. कोणी काही समजावून सांगत नाही. सिंबाच्या कपाळावरची आठी, खाली पडलेले कान आणि हळूहळू भरून येणारे डोळे, एवढ्यावर सगळं उभं आहे. सिंहाचं पिल्लू दुःखाने असं रडत नाही, पण आपलं मूल रडतं, आणि चित्रकाराने तेच काढलं.

2019 च्या चित्रपटाला लोक सर्रास लाइव्ह-ॲक्शन, म्हणजे खऱ्या कॅमेऱ्याने चित्रित केलेला, म्हणतात, पण तोही पूर्ण ॲनिमेशनपटच आहे. दिग्दर्शक जॉन फॅवरो यांनी स्वतः सांगितलंय की त्यात खऱ्या कॅमेऱ्याने घेतलेला एकच शॉट आहे, सुरुवातीचा सूर्योदय. बाकी गवताचं पातं न् पातं संगणकावर घडवलेलं आहे. गोल्डन ग्लोबने त्याला ॲनिमेशनपटांच्या गटात नामांकन दिलं, ऑस्करमध्ये मात्र तो व्हिज्युअल इफेक्ट्सच्या गटात होता. छायाचित्रकार केलेब डेशनेल आणि त्यांचे सहकारी डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवून त्या आभासी माळरानावर अक्षरशः फिरत कॅमेऱ्याच्या जागा ठरवत होते. या कामात एमपीसी या व्हिज्युअल इफेक्ट्स कंपनीच्या बंगळुरूच्या स्टुडिओतल्या कलाकारांचाही हात होता. त्या फरचं, स्नायूंचं, उन्हाचं काम बघताना माझी मान आदराने झुकते. एक ओली आयाळ वाऱ्यावर नीट हलवायला काय कष्ट पडतात, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळतं.

म्हणून कौशल्य कुठेच कमी पडलेलं नाही. घात केला तो एका निर्णयाने: प्राणी वन्यजीवनावरच्या माहितीपटातल्यासारखे दिसले पाहिजेत. एकदा हे ठरलं की भुवया गेल्या, पांढरे डोळे गेले, ओठ फक्त उघडमीट करू लागले. ॲनिमेटर तेवढाच गुणी, पण त्याचे हात बांधलेले. याचा मोठा पुरावा म्हणजे मुफासाचा आवाज. जेम्स अर्ल जोन्स यांनी 1994 लाही तो दिला आणि 2019 लाही. माणूस तोच, वाक्यंही बरीचशी तीच. तरी जुना मुफासा ताऱ्यांकडे बघत मुलाशी बोलतो तेव्हा घसा दाटतो, आणि नव्यात एक देखणा सिंह दिसतो ज्याच्या आसपास कुठूनतरी आवाज येतोय. हिंदीत शाहरुख खान आणि आर्यन खान या खऱ्याखुऱ्या बापलेकांनी मुफासा आणि सिंबाला आवाज दिला, कल्पना किती सुंदर! पण आवाजातली माया चेहऱ्यावर उतरायला चेहरा तर हवा ना.

गाण्यांचीही तीच गत. राजा व्हायची घाई झालेल्या सिंबाच्या गाण्यात जुना चित्रपट सगळा निसर्ग बाजूला सारतो, पार्श्वभूमी भडक रंगांची आणि आफ्रिकी नक्षीची होते, प्राण्यांचा मनोराच उभा राहतो. मुलाच्या डोक्यात सगळं जग असंच तर नाचत असतं. नव्यात दोन पिल्लं पाणवठ्यावर प्राण्यांच्या पायांमधून पळतात. स्कारच्या गाण्यात जुन्यात हिरवा धूर होता, जमीन फाडून वर येणारे कडे होते, कवायत करणारे तरस होते. नव्यात ते गाणं आखडतं घेतलंय आणि बरंचसं बोलूनच उरकलंय. खरा तरस कवायत करणार तरी कशी?

उलट वेळ गेलाय तो भलतीकडे. सिंबा जिवंत असल्याची खूण रफिकी या म्हाताऱ्या माकडापर्यंत पोहोचते तो भाग आठवतोय? जुन्यात सिंबा धपकन आडवा होतो, धुळीचे आणि गवताचे कण वाऱ्यावर उडतात आणि रफिकीच्या मुठीत येतात. नव्यात सिंबाच्या केसांचा एक पुंजका नदी, पक्ष्याचं घरटं, जिराफाचं पोट, शेणकिडा असा लांबचा प्रवास करतो. अप्रतिम केलंय, पण त्या सगळ्या वेळात सिंबाच्या मनात काय चाललंय ते कळत नाही. जुना चित्रपट 88 मिनिटांचा, नवा 118 मिनिटांचा.

म्हणून सगळे रिमेक वाईट का? अजिबात नाही. याच फॅवरोंचा 2016 चा 'द जंगल बुक' मला मनापासून आवडतो. तोही लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत घडवलेला, जंगल सगळं संगणकाचं. पण मधोमध मोगली झालेला नील सेठी नावाचा खरा मुलगा आहे. बगीरा नाराज झाला की ते आपल्याला या मुलाच्या चेहऱ्यावर वाचता येतं, बल्लूवरचा विश्वास त्याच्या खांद्यांत दिसतो. प्राण्यांच्या चेहऱ्यांनी जे करायचं ते काम त्याने अंगावर घेतलं. 2015 च्या 'सिंड्रेला'मध्ये तर माणसंच आहेत, तिथे ही अडचणच येत नाही. आणि 2025 चे दोन चित्रपट बघा. 'लिलो अँड स्टिच'मध्ये परग्रहावरचा स्टिच जुन्या चित्रपटातल्यासारखाच निळा, मोठ्या कानांचा, टपोऱ्या डोळ्यांचा ठेवलाय. 'हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन'मधल्या टूथलेस या ड्रॅगनचे हिरवे डोळेही तसेच बोलके आहेत, आणि हा चित्रपट पुन्हा करणारे दिग्दर्शक डीन डुब्ल्वा 2010 च्या मूळ चित्रपटाच्याही दोन दिग्दर्शकांपैकी एक. चेहरा शाबूत ठेवला आणि जीव वाचला. 2023 च्या 'द लिटल मरमेड'मध्ये फ्लाउंडर खरा मासा झाला आणि सेबॅस्टियन खरा खेकडा. खेकड्याच्या चेहऱ्यावर भाव आणायचे तरी कुठे?

पैशांसाठी करतात, हे खरंच आहे. 'अलादिन' आणि 'लायन किंग' दोघांनीही 2019 मध्ये जगभरात 100 कोटी डॉलरच्या वर कमाई केली. पण पैशांसाठी केलेली गोष्टही मन लावून करता येते, म्हणून त्यावर मी अडत नाही.

आता मुलीबद्दल. 1994 चा 'लायन किंग' तिला दाखवा, शक्यतो मोठ्या पडद्याच्या टीव्हीवर, आणि मध्ये काही समजावू नका. 'जंगल बुक'चे दोन्ही दाखवा, 1967 चा आधी. 2016 चा हिंदीत बघणार असाल तर इरफान बल्लू आहे, ओम पुरी बगीरा आणि नाना पाटेकर शेरखान. नानांनी 90 च्या दशकात दूरदर्शनवरच्या मोगलीच्या मालिकेतही शेरखानला आवाज दिला होता, तुम्ही त्या वयाचे असाल तर ओळखीचा वाटेल. फक्त मुलगी सहा-सात वर्षांपेक्षा लहान असेल तर थोडं थांबा. 2016 च्या चित्रपटातला शेरखान फार जवळ येतो, लांडग्यांचा म्होरक्या अकेला, त्याला तो कड्यावरून फेकतो तो क्षण अचानक येतो, आणि तेव्हा तुम्ही शेजारी बसलेले असायला हवं.