कॅच असताना जावात फायनली कशाला लिहायचं?

तुम्ही विचारलंय की डेटाबेस कनेक्शन ट्रायच्या शेवटी बंद केलं आणि कॅचमध्येही बंद केलं, तर मग फायनली हवंच कशाला.

ट्राय म्हणजे मूळ काम, कॅच म्हणजे ठरावीक एक्सेप्शन (चूक) आलं तर चालणारा भाग, आणि फायनली म्हणजे ट्राय कसाही संपला तरी चालणारा भाग. फायनली हवं, कारण पहिल्या दोन्हींतून निसटणाऱ्या वाटा आहेत. ट्रायमध्ये मध्येच रिटर्न झालं की शेवटची ओळ चालतच नाही. कॅच एसक्यूएल-एक्सेप्शनसाठी, म्हणजे डेटाबेसच्या चुकीसाठी, लिहिलाय आणि आलं नल-पॉइंटर हे वेगळंच एक्सेप्शन, तर कॅचही चालत नाही. मग कनेक्शन पूलमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायच्या कनेक्शनच्या साठ्यात, परत जात नाही. हिकारी या जावातल्या पूल लायब्ररीची मर्यादा, बदलली नसेल तर, 10 कनेक्शनची. ती दहाही अशी अडकली की अकरावी विनंती 30 सेकंद ताटकळते आणि टाइमआउट खाते. लॉगमध्ये एरर दिसते या बिचाऱ्या अकराव्या विनंतीची, गळती असते भलत्याच मेथडमध्ये. म्हणून शोधायला फार त्रास होतो.

माझा नियम सरळ आहे: घेतलेलं परत देणं फायनलीत, चुकीचं काय करायचं ते कॅचमध्ये. म्हणजे रोलबॅक (डेटाबेसमधले अर्धवट बदल मागे घेणं) कॅचमध्ये, क्लोज फायनलीत.

लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला पुढे जाऊ देणारं कुलूप) घेताना मात्र लॉकची ओळ ट्रायच्या आधी लिहा. ती ट्रायच्या आत असेल आणि लॉक मिळालंच नाही, तरी फायनली न घेतलेलं लॉक सोडायला जाते. तिथे नवं एक्सेप्शन उडतं आणि मूळ कारण त्याखाली दडपतं. फायनलीत रिटर्न तर कधीच लिहू नका. वर निघालेलं एक्सेप्शन ते गिळून टाकतं, कॉल करणाऱ्याला वाटतं सगळं सुरळीत झालं. पायथनमध्येही हेच होतं, आणि 3.14 पासून तिथे अशा रिटर्नवर वॉर्निंग मिळते.

फाइल, कनेक्शन, स्टेटमेंट यांच्यासाठी 2011 च्या जावा 7 पासून ट्राय-विथ-रिसोर्सेस आहे, म्हणजे ट्रायच्या कंसात उघडलेलं आपोआप बंद होतं; तेच वापरा. उघडलेल्या गोष्टी उलट्या क्रमाने बंद होतात, आणि क्लोज करताना आलेलं एक्सेप्शन मूळ एक्सेप्शनला जोडलं जातं, त्याच्या जागी बसत नाही. हे हाताने नीट लिहायचं तर फायनलीच्या आत आणखी ट्राय-कॅच लागतात.

मग हाताने लिहायचं फायनली उरतं लॉकसाठी आणि थ्रेड-लोकलसाठी. थ्रेड-लोकल म्हणजे प्रत्येक थ्रेडची स्वतःची वेगळी किंमत ठेवणारी जागा; तिच्याकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. टॉमकॅट हा जावाचा वेब सर्व्हर वेगवेगळ्या विनंत्यांसाठी तेच थ्रेड पुन्हा पुन्हा वापरतो. थ्रेड-लोकलमध्ये लॉगिन झालेला वापरकर्ता ठेवला आणि फायनलीत रिमूव्ह केलं नाही, तर पुढच्या माणसाच्या विनंतीला आधीच्याची ओळख चिकटू शकते.