रूकी सीझन बघताना नेमकं काय बघायचं : जोई लोगानोचं २००९ साल

तुमचा प्रश्न वाचला आणि जरा सविस्तरच लिहावंसं वाटलं. तुम्ही म्हणताय की शार्लटला येऊन वर्ष झालं, मुलाला नॅसकारचं (अमेरिकेतल्या गाड्यांच्या रेसचं) वेड लागलंय, त्याचा आवडता रूकी, म्हणजे पहिल्या वर्षाचा ड्रायव्हर, खालच्या सिरीजमध्ये सगळ्यांना धुवून काढत होता आणि कपमध्ये, म्हणजे नॅसकारच्या सगळ्यात वरच्या सिरीजमध्ये, आल्यापासून सारखी गाडी भिंतीला लावतोय, ऑफिसातले लोक म्हणतात पोरगं बापाच्या पैशावर आलंय आणि हे ऐकून तुमचं पोर हिरमुसतं. तर हा रूकी खरंच फुसका निघाला का, आणि ते ओळखायचं कसं?

मी थेट सांगतो, पहिल्या वर्षी नुसता कितवा आला हे बघू नका. तो एखाद्या ट्रॅकवर दुसऱ्यांदा येतो तेव्हा काय करतो ते बघा. कप सिरीजमध्ये पॉइंट्सच्या ३६ रेस असतात, फेब्रुवारी ते नोव्हेंबर, आणि बऱ्याच ट्रॅकवर वर्षातून दोनदा जातात. पहिल्या फेरीत रूकी शिकतो, दुसऱ्या फेरीत कळतं की तो शिकला का. मी इथे बरीच वर्षं बघतोय आणि याच्यापेक्षा खरी कसोटी मला तरी सापडली नाही.

जोई लोगानोचं उदाहरण घ्या, कारण तुमच्या मुलाच्या हिरोबद्दल जे बोललं जातंय ते सगळं त्याच्याबद्दल बोलून झालेलं आहे, आणि जास्त कडवटपणे. कनेक्टिकटमधल्या मिडलटाउनचा मुलगा, जन्म मे १९९०. सहा वर्षांचा असताना क्वार्टर मिजेट (लहान मुलांच्या छोट्या रेसिंग गाड्या) चालवायला लागला, मग घरचे सगळे जॉर्जियात येऊन राहिले आणि तिथे अटलांटाच्या ट्रॅकवर बॅन्डोलेरो, लेजंड्स अशा शिकाऊ पोरांच्या छोट्या गाड्या चालवत वर आला. मार्क मार्टिनसारखा मुरलेला कप ड्रायव्हर हा पोरगा पंधराएक वर्षांचा असतानाच जाहीरपणे सांगत होता की हा कपमध्ये चालवू शकेल. टोपणनाव काय तर 'स्लाइस्ड ब्रेड', इंग्रजीत एखादी गोष्ट फारच भारी असली की 'बेस्ट थिंग सिन्स स्लाइस्ड ब्रेड' म्हणतात त्यावरून. पण नॅसकारच्या वरच्या सिरीजना तेव्हा १८ वर्षं पूर्ण लागायची, म्हणून थांबला, २००७ ला बुश ईस्ट या खालच्या प्रादेशिक सिरीजची चॅम्पियनशिप घेतली, मे २००८ मध्ये १८ चा झाला आणि जूनमध्ये केंटकीला नेशनवाइड सिरीजची (कपच्या खालोखालची सिरीज) रेस जिंकून मोकळा. तिसरीच रेस होती त्याची.

आता ऑफिसातल्या लोकांचा पैशाचा मुद्दा. घरचा धंदा होता, पैसा होता, हे खरंच आहे. या खेळात पैशाशिवाय दहा वर्षांच्या पोराला लेजंड्स कारमध्ये कोण बसवणार? पण पैशाने सीट मिळते, ट्रॅकवरची गाडी पैशाने वळत नाही.

त्याच जुलैत नावाजलेला कप ड्रायव्हर टोनी स्टुअर्टने जाहीर केलं की तो जो गिब्स रेसिंग ही टीम सोडून स्वतः टीममालक होणार, आणि रिकामी झालेली २० नंबरची टोयोटा (स्पॉन्सर होम डेपो) टीमने या १८ वर्षांच्या पोराला दिली. हे ओझं किती मोठं होतं ते समजून घ्या. स्टुअर्टने २००२ आणि २००५ अशा दोन चॅम्पियनशिप त्या नंबरवर जिंकलेल्या. क्रू चीफ, म्हणजे गाडीचे आणि रेसमधले निर्णय घेणारा टीमचा मुख्य माणूस, ग्रेग झिपाडेली १९९९ पासून स्टुअर्टबरोबर, म्हणजे तो स्टुअर्ट रेडिओवर चिडला की त्याला नक्की काय पाहिजे हे ओळखणारा माणूस. आता त्याच रेडिओवर दुसराच आवाज, आणि त्या आवाजाला अजून सांगताच येत नाही की गाडीचं काय बिघडलंय.

हा भाग बाहेरून दिसत नाही पण रूकी सीझनचा अर्धा जीव इथेच असतो, म्हणून जरा थांबून सांगतो. ट्रॅकवर स्कॅनर भाड्याने मिळतो, तो कानाला लावून रूकीचा चॅनल ऐका. नवखा ड्रायव्हर म्हणतो "गाडी वळत नाहीये." बस, एवढंच. मुरलेला म्हणतो "आत शिरताना ठीक आहे, मधे टाइट (पुढची बाजू पुरेशी वळत नाही), गॅस दिला की मागचं टोक सुटतंय, आणि हे दहाव्या लॅपनंतर सुरू झालं." पहिल्या वाक्यावर क्रू चीफ काय करणार? अंदाजाने वेज (चाकांवरच्या वजनाची वाटणी बदलणारा स्क्रू) फिरवणार, टायरमधली हवा कमीजास्त करणार, नशीब असेल तर लागेल. दुसऱ्या वाक्यावर त्याला नेमका कुठला पाना कुठे फिरवायचा ते माहीत असतं. चारशे-पाचशे मैलांच्या रेसमध्ये गाडी सुधारायची संधी पिट स्टॉपलाच मिळते, आणि तीन-चार स्टॉप चुकीच्या दिशेने गेले की रूकी दोन लॅप मागे. टीव्हीवर फक्त दिसतं की पोरगा तिसाव्या नंबरवर आहे.

बरं, खालच्या सिरीजमध्ये हेच पोरगं जिंकत होतं मग इथे काय झालं? एक तर २००९ मध्ये दोन्ही सिरीजच्या गाड्या वेगळ्या होत्या. कपमध्ये ती नवी 'कार ऑफ टुमॉरो', पुढे स्प्लिटर (जमिनीलगतची पट्टी) मागे विंग, उंच, बोजड, दीड टनाच्या वर वजन, डाउनफोर्स (हवेने गाडी ट्रॅकवर दाबून धरायचा जोर) कमी. नेशनवाइडला जुन्या घडणीची गाडी. दुसरं म्हणजे अंतर. नेशनवाइडची रेस साधारण दोनशे-तीनशे मैलांत संपते, कपमध्ये तेवढ्यात निम्मी होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या वर्षी मंदीमुळे खर्च कमी करायला नॅसकारने कपच्या ट्रॅकवर टेस्टिंगच बंद केलं. आधीचे रूकी जानेवारीत डेटोनाला दिवस दिवस फेऱ्या मारायचे, नंतर इतर ट्रॅकवर जाऊन सराव करायचे. याला काहीच नाही. शुक्रवारी प्रॅक्टिस, रविवारी रेस, आणि आजूबाजूला त्या ट्रॅकवर दहा-पंधरा वर्षं घालवलेली माणसं. म्हणजे रणजी गाजवलेल्या पोराला नेट्स न देता थेट लॉर्ड्सवर उतरवायचं आणि स्विंग खेळता येत नाही म्हणून नावं ठेवायची.

सुरुवात व्हायची तशीच झाली. डेटोना ५०० मध्ये भिंतीवर आदळून ४३ वा, म्हणजे शेवटचा. पुढचे दोन महिने फार काही बरं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्येच लोक लिहायला लागले की गिब्सने घाई केली, पोराला परत खाली पाठवा. आणि मग एप्रिलच्या शेवटी टॅलाडेगाला नववा आला. मेमध्ये डार्लिंगटनला परत नववा, आणि मला विचाराल तर ही डार्लिंगटनची रेस त्याच्या पुढच्या विजयापेक्षा मोठी. तो ट्रॅक अंड्याच्या आकाराचा आहे, कारण १९५० च्या सुमाराला बांधताना जमीन विकणाऱ्याने आपलं मासळीचं तळं हलवू दिलं नाही, मग एका टोकाचं वळण आवळून घ्यावं लागलं. दोन्ही टोकांची वळणं वेगळी, एकाला गाडी सेट केली की दुसऱ्याला बिघडते, आणि वेगवान लाइन भिंतीला इतकी चिकटून की उजवी बाजू घासून रंग जाणारच, त्याला नावच आहे 'डार्लिंगटन स्ट्राइप'. रूकी तिथे हमखास आपटतात. अठरा वर्षांचं पोर तिथे नववं येतं याचा अर्थ त्याला पाचशे मैल धीर धरता आला.

मग २८ जून, न्यू हॅम्पशायर. घरापासून फार लांब नाही, आणि महत्त्वाचं म्हणजे याच ट्रॅकवर आदल्या सप्टेंबरात त्याने पहिली कप रेस चालवून ३२ वा नंबर घेतला होता. या खेपेला मधेच गाडी फिरली, एक लॅप मागे पडला, यलो फ्लॅगमध्ये (ट्रॅकवर अडथळा असताना सगळ्या गाड्या हळू चालवतात तेव्हा) तो लॅप परत मिळाला. आभाळ भरून आलेलं. शेवटी झिपाडेलीने त्याला पिटमध्ये न बोलावता बाहेरच ठेवला, पुढे असलेल्या रायन न्यूमनचं पेट्रोल संपलं, लोगानो लीडला आणि पाऊस आला. ३०१ पैकी २७३ लॅपवर रेस थांबवली. वय १९ वर्षं ३५ दिवस. तोपर्यंतचा सर्वात लहान विजेता त्याचाच टीममेट काइल बुश होता, २० वर्षांचा असताना जिंकलेला. तिथे विजेत्याला जिवंत लॉबस्टर देतात, तो घेऊन फोटो वगैरे झाले.

लोक म्हणाले पावसाने जिंकला. होय, पावसाने जिंकला, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या दिवशी गाडी फिरते आणि लॅप जातो त्या दिवशी बहुतेक रूकी चिडून पुढच्या वीस लॅपमध्ये काहीतरी वेडेपणा करतात आणि गाडी ट्रकमध्ये भरून घरी जाते. तो शांत राहिला, पेट्रोल वाचवत राहिला, म्हणून पाऊस आला तेव्हा तो तिथे होता.

आता माझी कसोटी लावून बघा. टॅलाडेगाला वसंतात नववा, नोव्हेंबरात तिसरा. शार्लटला मेमध्ये नववा, ऑक्टोबरात पाचवा. सगळीकडे असं झालं नाही, न्यू हॅम्पशायरला सप्टेंबरात परत गेला तेव्हा मागेच राहिला. पण दिशा दिसत होती. सीझनच्या शेवटी पॉइंट्समध्ये विसावा आणि रूकी ऑफ द इयर. नुसता विसावा आकडा बघितला तर काहीच कळत नाही.

डोव्हर मात्र मुलाला दाखवणार असाल तर आधी तुम्ही बघा. सप्टेंबरचा शेवट, एक मैलाचा काँक्रीटचा ट्रॅक, चोवीस अंशांचं बँकिंग (वळणाचा आत कललेला उतार), पुढच्या गाड्यांनी वेग कमी केला, याला मागून धक्का बसला आणि गाडी भिंतीला लागून बँकिंगवरून कोलांट्या खात खाली आली. स्वतः चालत बाहेर आला. पुढच्याच शनिवारी कॅन्ससला नेशनवाइडची रेस जिंकला. एकोणीस वर्षांच्या मुलाने त्या आठवड्यात काय काय डोक्यातून काढून टाकलं असेल याचा मी अजूनही विचार करतो, कारण गाडीत परत बसणं एक, आणि परत त्याच वेगाने वळणात शिरणं वेगळं.

ट्रॅकबाहेरचं पण सांगतो, कारण मुलगा पुढे कधी लेजंड्स चालवतो म्हणाला तर उपयोगी पडेल. रविवार संपला की सोमवारी टीमच्या शॉपमध्ये मीटिंग, मग स्पॉन्सरची कामं, होम डेपोच्या दुकानात सह्या, जाहिरातींचं शूटिंग, गुरुवारी परत विमान. यात मित्र नाहीत, कॉलेज नाही. आजूबाजूचे सहकारी तिशी-चाळिशीचे, बायकापोरांवाले. आणि आईवडील. लोगानोचे वडील कायम ट्रॅकवर असायचे, त्या वर्षी ऑक्टोबरात कॅलिफोर्नियात एका सीनियर ड्रायव्हरशी त्यांनी हुज्जत घातली आणि नॅसकारने त्यांचा पास काढून घेतला. मला त्या बापाचं वाईट वाटतं, सहाव्या वर्षापासून ज्याला बोट धरून आणलं त्याच्यासाठी आता भांडताही येत नाही. पण गराजमध्ये मुलाची किंमत त्याने कमी केली हेही खरं. तिथे मान स्वतःच मिळवावा लागतो, आणि तो मिळेपर्यंत कोणी तुम्हाला लाइनमध्ये जागा देत नाही. रूकीच्या मागच्या बंपरवर पिवळी पट्टी असते ती बघून मागचा आधीच ठरवतो की याच्यावर किती भरवसा ठेवायचा.

सगळ्यांचं पहिलं वर्ष सारखं नसतंच म्हणा. जेफ गॉर्डन १९९३ ला रूकी होता, एकही पॉइंट्सची रेस जिंकला नाही, गाड्या इतक्या फोडल्या की लोक वैतागले, आणि १९९५ ला चॅम्पियन. उलट केविन हार्विक, २००१. दिग्गज ड्रायव्हर डेल अर्नहार्ट डेटोना ५०० च्या शेवटच्या लॅपला अपघातात वारले आणि आठवड्याभरात या पंचवीस वर्षांच्या माणसाला त्यांच्या गाडीत बसवलं, ३ नंबर काढून २९ केला, काळ्याऐवजी पांढरा रंग दिला. त्याच महिन्याच्या शेवटी त्याचं लास वेगासला लग्न. तिसऱ्या रेसला अटलांटात गॉर्डनला ०.००६ सेकंदाने हरवून जिंकला आणि खिडकीबाहेर तीन बोटं काढून फेरी मारली. त्या वर्षी बुश सिरीजही (नेशनवाइडचंच आधीचं नाव) पूर्ण चालवून चॅम्पियन झाला. पण ते वर्ष कोणाला मोजपट्टी म्हणून लावू नका, दुःखात उभ्या राहिलेल्या टीमने त्याला तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं.

आणि लोगानोचं पुढे काय झालं ते ऑफिसातल्या लोकांना जरूर सांगा. चार सीझननंतर गिब्सने ती गाडी मॅट केन्सेथला दिली, म्हणजे पोरगा बाविसाव्या वर्षी 'वाया गेलेला' ठरला. पेन्स्के या दुसऱ्या टीमने घेतला, २२ नंबर दिला. २०१५ ला डेटोना ५०० जिंकला, मग २०१८, २०२२, २०२४ अशा तीन कप चॅम्पियनशिप.

तर तुमच्या मुलाला एक वही द्या. त्याच्या हिरोने पहिल्या फेरीत कुठल्या ट्रॅकवर कितवा नंबर घेतला, किती लॅप पूर्ण केले आणि रेडिओवर काय बोलला ते लिहून ठेवायला सांगा, आणि दुसऱ्या फेरीला त्याच पानावर खाली परत लिहायला सांगा. मे महिन्यातली कोका-कोला ६०० चुकवू नका, दीड मैलाच्या ट्रॅकवर चारशे लॅप, उजेडात सुरू होते आणि रात्री संपते, ट्रॅक गार पडत जातो तशी गाडी बदलत जाते, रूकी शिकतोय की नाही हे तिथे एका संध्याकाळीत ऐकू येतं. तिकीट काढताना वरच्या रांगा घ्या, खाली बसलात तर गाड्या फक्त समोरून जाताना दिसतात. पोरासाठी कानावरचे जाड मफ्स घ्या, नुसते बोळे पुरत नाहीत, आणि स्कॅनर घेताना दोन हेडफोन लागतील असा मागा म्हणजे तुम्हालाही ऐकता येईल.