रीबूटनंतर नेमसर्व्हर पुसला जातो, प्रॉक्सी फक्त टर्मिनलमध्येच चालतो

तुमची अडचण थोडक्यात अशी: बिल्डरूटवर (छोट्या उपकरणांसाठी लिनक्स बांधायचं साधन) बांधलेली सिस्टीम, आयपी डीएचसीपीने, म्हणजे नेटवर्ककडून आपोआप मिळतो. रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये (नावावरून आयपी सांगणाऱ्या नेमसर्व्हरचा पत्ता ठेवायची फाईल) हाताने लिहिलेला ८.८.८.८, म्हणजे गूगलचा सार्वजनिक नेमसर्व्हर, रीबूट केला की गायब होतो. ऑफिसच्या नेटवर्कात प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या पुढे नेणारा मधला सर्व्हर) सेट केल्यावर टर्मिनलमधून कर्ल ही डाउनलोडची कमांड चालते, पण अपडेट आणणारा डीमन (पार्श्वभूमीत चालणारा प्रोग्राम) 'होस्ट सापडला नाही' म्हणून थांबतो. दोन्हीकडे आधी एकच गोष्ट शोधा: नावावरून आयपी काढायचं काम त्या क्षणी नेमकं कोण करतंय?

आधी फाईल बघू. ईटीसीमधल्या रिझॉल्व्ह.कॉन्फवर 'एलएस -एल' चालवा. बहुतेक ती खरी फाईल नसून टीएमपी किंवा रन डिरेक्टरीतल्या फाईलकडे नेणारी सिमलिंक (शॉर्टकट) निघेल. अशा उपकरणांत रूट फाईलसिस्टीम बऱ्याचदा फक्त वाचण्यापुरती माउंट केलेली असते, म्हणून बदलणाऱ्या फाईली रॅममध्ये ठेवतात. त्या रीबूटला जाणारच. शिवाय बिझीबॉक्स या छोट्या कमांड-संचातला यूडीएचसीपीसी (डीएचसीपीने आयपी मागणारा प्रोग्राम) लीज, म्हणजे ठरावीक मुदतीचा आयपी, मिळाली की आपली डिफॉल्ट स्क्रिप्ट चालवतो आणि ती स्क्रिप्ट ही फाईल नव्याने लिहिते. तुम्ही कितीही वेळा एडिट केलं तरी शेवटचा हात तिचाच.

म्हणून बदल तिथेच करायचा. बिल्डरूटची ही स्क्रिप्ट शेवटी 'डिफॉल्ट.स्क्रिप्ट.डी' या डिरेक्टरीतल्या एक्झिक्युटेबल फाईली एकेक करून चालवते. तुमची छोटी स्क्रिप्ट रूटएफएस ओव्हरलेमधून (बिल्ड करताना इमेजमध्ये जाणाऱ्या तुमच्या फाईलींची डिरेक्टरी) तिथे ठेवा आणि नेमसर्व्हरची ओळ तिच्यातून लिहा. 'चॅटर' ही कमांड वापरून फाईल गोठवून टाका, असा सल्ला तुम्हाला कुठेतरी मिळेल. तो कृपा करून घेऊ नका. उपकरण उद्या दुसऱ्या नेटवर्कात गेलं आणि तिथे बाहेरचा डीएनएस बंद असला, तर ते कायमचं मुकं होईल आणि दुरून दुरुस्तही करता येणार नाही.

आता एक सापळा. 'ऑफिसचा नेमसर्व्हर पहिला आणि ८.८.८.८ दुसरा, म्हणजे दोन्हीकडची नावं मिळतील' हा हिशेब चुकतो. नाव शोधायचं काम प्रोग्रामसाठी सी लायब्ररी करते; जीलिबसी आणि मसल या तशा दोन लायब्ररी. जीलिबसी नेमसर्व्हरना क्रमाने विचारते, जास्तीत जास्त ३. पहिल्याकडून ठरावीक वेळात (डिफॉल्ट ५ सेकंद) उत्तर आलं नाही किंवा सर्व्हरने नकार वा बिघाड कळवला, तरच दुसऱ्याकडे जाते. पहिल्याने 'असं नाव नाही' म्हटलं की विषय संपला. मसल मात्र सगळ्यांना एकाच वेळी विचारते आणि जे उत्तर आधी येईल ते धरते. त्यामुळे मसलवर ऑफिसमधलं अंतर्गत नाव कधी सापडतं, कधी नाही, आणि लोक दिवसभर केबल बदलत बसतात. खरोखर दोन ठिकाणची नावं लागत असतील तर उपकरणावरच डीएनएसमास्क हा छोटा नेमसर्व्हर चालवा, कोणतं डोमेन कोणाला विचारायचं ते त्याला सांगा आणि रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये फक्त १२७.०.०.१ (उपकरणाचा स्वतःचाच पत्ता) ठेवा.

तपासताना एनएसलूकअप या कमांडवर विसंबू नका. तो सहसा थेट नेमसर्व्हरला विचारतो. तुमचा प्रोग्राम सी लायब्ररीमार्फत विचारतो आणि वाटेत होस्ट्स फाईलही (उपकरणावरचीच नावं-पत्त्यांची यादी) बघतो. 'पिंग' किंवा जीलिबसी असेल तर 'गेटएन्ट होस्ट्स' खरं चित्र दाखवतो. जीलिबसीवर नाव सापडतं पण दर वेळी बरोबर ५ सेकंद लागतात, असं दिसलं तर रिझॉल्व्ह.कॉन्फमध्ये 'ऑप्शन्स सिंगल-रिक्वेस्ट' घालून बघा. काही राउटर आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ साठी एकदम गेलेल्या दोन विचारणांपैकी एकीचं उत्तर गिळतात.

जीलिबसी २.२६ पेक्षा जुनी असेल तर आणखी एक गोष्ट बघा. त्या आवृत्त्या चालू प्रोसेसमध्ये रिझॉल्व्ह.कॉन्फ आपणहून पुन्हा वाचत नाहीत. डीमन डीएचसीपीच्या आधी उठला, फाईल रिकामी होती, तर तो १२७.०.०.१ ला विचारत राहतो. तुम्ही टर्मिनलमध्ये नवी प्रोसेस चालवता, म्हणून तुम्हाला सगळं ठीक दिसतं.

आता प्रॉक्सी. तुमच्या एरर मेसेजमध्येच धागा आहे. एचटीटीपी प्रॉक्सीतून जाताना उपकरण सर्व्हरचं नाव शोधतच नाही. ते नाव जसंच्या तसं प्रॉक्सीला देतं आणि आयपी प्रॉक्सी काढतो. उपकरणाला फक्त प्रॉक्सीचा स्वतःचा पत्ता कळावा लागतो. तेव्हा डीमन अपडेट सर्व्हरच्या नावाने 'सापडला नाही' म्हणत असेल, तर तो प्रॉक्सीकडे गेलेलाच नाही, थेट बाहेर जायला बघतोय. कारण साधं आहे: ईटीसी प्रोफाईलमध्ये केलेला एक्स्पोर्ट लॉगिन शेलपुरता असतो. इनिटने (बूट होताना सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) सुरू केलेल्या डीमनला तो दिसत नाही. प्रॉक डिरेक्टरीत डीमनच्या पीआयडीखालची (प्रोसेसचा क्रमांक) 'एन्व्हायरन' फाईल उघडून खात्री करा. मग प्रॉक्सीची व्हेरिएबल्स डीमनच्याच इनिट स्क्रिप्टमध्ये एक्स्पोर्ट करा. इनिट म्हणून सिस्टमडी असेल तर सर्व्हिसच्या ड्रॉप-इनमध्ये (जोड-सेटिंगची फाईल) 'एन्व्हायर्नमेंट' ओळ लिहा.

व्हेरिएबलची नावं लहान लिपीत लिहा. कर्ल मोठ्या अक्षरांतलं 'एचटीटीपी_प्रॉक्सी' मुद्दाम वाचत नाही, कारण सीजीआयमध्ये (वेब सर्व्हरने प्रोग्राम चालवायची जुनी पद्धत) बाहेरून आलेल्या हेडरमुळे त्याच नावाचं व्हेरिएबल तयार होऊ शकतं. पासवर्डमध्ये '@' असेल तर '%४०' लिहा (आकडे अर्थात इंग्रजी), नाहीतर यूआरएल चुकीच्या जागी तुटतो. 'नो_प्रॉक्सी'त (प्रॉक्सी टाळायच्या पत्त्यांची यादी) लोकलहोस्ट आणि अंतर्गत डोमेन घाला. तिथे पूर्ण सबनेट लिहिलेलं प्रत्येक प्रोग्रामला समजत नाही. कर्लला ते ७.८६ पासून कळतं.

शेवटी घड्याळ. घड्याळ नेटवर्कवरून जुळवणारा एनटीपी यूडीपी पोर्ट १२३ वर चालतो, तो एचटीटीपी प्रॉक्सीतून जात नाही. बोर्डावर बॅटरीवर चालणारं आरटीसी (वीज गेल्यावरही वेळ राखणारी चिप) नसेल तर घड्याळ १९७० वर उठू शकतं आणि मग एचटीटीपीएसचं प्रत्येक सर्टिफिकेट 'अजून लागू नाही' म्हणून नाकारलं जातं. प्रॉक्सी बरोबर लावूनही अपडेट अडलं तर आधी 'डेट' चालवून बघा. ऑफिसच्या नेटवर्कात अंतर्गत एनटीपी सर्व्हर असेल तर त्याचा पत्ता मागून घ्या, आणि डीमन वेळ जुळल्यानंतरच सुरू होईल असा क्रम इनिटमध्ये लावा.